जुना रॅक सर्व्हर, टॉवर की मिनी पीसी? बेळगाव भागात व्हीएम चालवण्यासाठी काय घ्यावे

व्हीएम (एकाच यंत्राच्या आत चालणारे आभासी संगणक) चालवायला जुनी यंत्रे तीन जातींची मिळतात. दोन सीपीयूचा २यू (रॅकमधल्या दोन घरांच्या उंचीचा) रॅक सर्व्हर (डेल आर७३०, एचपी डीएल३८० जेन९), एका झिऑनचा (इंटेलचा सर्व्हर सीपीयू) टॉवर (एचपी झेड४४०) आणि ऑफिसातून निघालेला मिनी पीसी (लेनोवो एम७२०क्यू, ऑप्टिप्लेक्स ७०६० मायक्रो). बहुतेक जण कोअर मोजत बसतात. विजेच्या मीटरपासून सुरुवात केली तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

मीटर

दोन ई५-२६८० व्ही४ सीपीयू, ८ मेमरी स्टिक आणि ४ एसएसडी असलेला आर७३० रिकामा बसला तरी साधारण १३० ते १४० वॉट ओढतो. चोवीस तास चालू म्हणजे महिन्याला १०० युनिटच्या घरात. झेड४४० साध्या ग्राफिक्स कार्डासह ६५ वॉट धरला तर ४७ युनिट, मिनी पीसी १५ वॉटने ११ युनिट.

घरचे मीटर कर्नाटक सरकारच्या गृहज्योती (मोफत वीज) योजनेत असेल तर फरक आणखी टोचतो. हक्काचे मोफत युनिट २०२२-२३ च्या सरासरी वापरावर थोडी वाढ देऊन ठरलेले आहेत. त्यापुढचे युनिट भरावे लागतात, आणि महिन्याचा वापर २०० च्या वर गेला की पूर्ण बिल भरावे लागते. महिना ११० युनिट जाळणाऱ्या घरात रॅक सर्व्हर आला की ती रेषा ओलांडलीच. मिनी पीसीला तीच सवलत बहुधा टिकते. दुकान किंवा कारखान्याच्या मीटरवर ही अडचण नाही. तिथे हेस्कॉमच्या (इथली वीज कंपनी) बिलावरचा दर घ्या आणि १०० ने गुणा.

आर७३० मधला दुसरा सीपीयू काढून वीज वाचवता येते, पण मग २४ पैकी १२ मेमरी स्लॉट आणि काही पीसीआय स्लॉट बंद पडतात. तसे करायचे असेल तर मुळात झेड४४० घ्यावा.

खोली आणि आवाज

रॅक सर्व्हर झोपायच्या खोलीत चालत नाही, शेजारच्या खोलीतही नाही. सुरू होताना फॅन पूर्ण वेगाने फिरतात, मग खाली येतात. कंपनीच्या यादीबाहेरचे पीसीआय कार्ड घातले की मात्र ते वरच राहू शकतात. आर७३० मध्ये आयपीएमआय (सर्व्हर दुरून सांभाळायची सोय) कमांडने हे दाबता येते; डीएल३८० जेन९ मध्ये तशी सरळ सोय नाही. आमच्या मते डेल घेण्याचे हे एकच कारण पुरेसे आहे.

भिंतीवरचा नेटवर्क रॅक ४५० ते ६०० मिमी खोल असतो. त्यात हा सर्व्हर बसत नाही. ८०० ते १००० मिमी खोलीचा उभा रॅक लागतो. रेल सर्व्हरसोबतच मागून घ्या, नंतर सुट्या शोधताना दमछाक होते.

उद्यमबागेत फाउंड्रीच्या शेजारी असाल तर लोखंडी भुकटी आत जाते, निपाणीत तंबाखूच्या वखारीजवळ बारीक धूळ. २यू सर्व्हर हवा जोरात ओढतो, म्हणून तो सगळ्यात आधी माखतो. समोर धुता येणारी जाळी लावा आणि ती वेळच्या वेळी साफ करा, नाहीतर तीच हवा अडवते. खानापूरकडच्या पावसात उलट काळजी: महिनाभर बंद ठेवलेल्या यंत्राच्या मेमरी स्टिकच्या संपर्कांवर ओल धरते. चालू यंत्र स्वतःच्या उबेने कोरडे राहते.

रॅकच घ्यायचा तर कुठला

आर७३० च्या आधीचा आर७२० स्वस्त दिसतो, पण सोडून द्या. त्यातले व्ही१, व्ही२ सीपीयू एव्हीएक्स२ (नव्या सीपीयूतला सूचनांचा संच) जाणत नाहीत, त्यामुळे रेड हॅट लिनक्स १० त्यावर चालत नाही. त्याचे एच७१० डिस्क कंट्रोलर डिस्क थेट ऑपरेटिंग सिस्टिमला देत नाही, म्हणजे झेडएफएससाठी (डिस्क स्वतः सांभाळणारी फाइल सिस्टिम) फर्मवेअरची कसरत आली. आर७३० मधल्या एच७३० ला एचबीए मोड (डिस्क थेट देण्याची सोय) आहे, डीएल३८० जेन९ च्या पी४४०एआर लाही आहे.

दुरून स्क्रीन पाहायची सोय दोन्हीकडे लायसन्सवर अडते. आर७३० ला आयड्रॅक (डेलची दुरून सांभाळायची चिप) एंटरप्राइज हवे. एचपीचा त्याच कामाचा साधा आयएलओ ४ ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होईपर्यंतच स्क्रीन दाखवतो, पुढे ॲडव्हान्स्ड लागते. विक्रेत्याकडून लायसन्सच्या पानाचा फोटो मागवा. फर्मवेअर डेल कोणालाही उतरवू देते; एचपी सर्व्हिस पॅकसाठी वॉरंटी किंवा करार मागते.

आरडीआयएमएम आणि एलआरडीआयएमएम या सर्व्हर मेमरीच्या दोन जाती एकत्र चालत नाहीत. प्रत्येक सीपीयूला चार चॅनेल आहेत, म्हणून चारच्या पटीत घ्या. आर७३० मध्ये आधी पांढऱ्या टोकांचे स्लॉट भरायचे, मग काळे, मग हिरवे. झेड४४० ला ८ स्लॉट, अधिकृत मर्यादा १२८ जीबी. मिनी पीसीत दोन स्टिक मिळून ६४ जीबी आणि ईसीसी (मेमरीतली चूक सुधारण्याची सोय) नाही. टॅलीसाठी एक विंडोज, एक फाइल सर्व्हर आणि दोन-तीन लिनक्स एवढेच असेल तर ६४ जीबी पुरून उरते. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये ३० मुलांना प्रत्येकी ४ जीबीची व्हीएम द्यायची तर १२० जीबी व्हीएमनाच गेले. तिथे झेड४४० अपुरा आणि आर७३० योग्य.

झेड४४० ला बोर्डावर डिस्प्ले नाही. ग्राफिक्स कार्ड बऱ्याचदा काढून घेतलेले असते, मागून घ्या.

लाईट गेली की

घरच्या इन्व्हर्टरवर लावायचे तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा आणि यूपीएस मोडवर ठेवलेला. चौकोनी लहरीवर हे पॉवर सप्लाय भरवशाने चालत नाहीत. १५० एएचची नवी १२ व्होल्ट बॅटरी १४० वॉटला सात तासांच्या आसपास, मिनी पीसीला त्याहून खूप जास्त चालते. आर७३० चे दोन पॉवर सप्लाय एकाच बोर्डात खोचू नका. एक यूपीएसवर, दुसरा इन्व्हर्टरच्या लाइनवर. मिनी पीसी आणि टॉवरला ही सोय नाही.

वळिवाच्या दिवसांत लाईट जाते-येते-जाते. बायोसमध्ये एसी पॉवर रिकव्हरी ‘लास्ट’ (आधीच्या स्थितीत परत) वर ठेवून चालू होण्याचा उशीर वाढवा, म्हणजे दर झटक्याला यंत्र उठत नाही. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग सुधारा. उन्हाळ्यात जांभ्या खडकातला कोरडा अर्थिंग खड्डा कुचकामी होतो, त्यात पाणी घालावे लागते.

पैसे देण्याआधी

सिस्टिम इव्हेंट लॉगमध्ये मेमरीच्या चुका पाहा; लॉग नुकताच पुसलेला दिसला तर मेमटेस्ट (मेमरी तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवण्याची अट घाला. तारीख-वेळ जपणारी सीएमओएसची सीआर२०३२ बॅटरी बदलाच, नाहीतर तारीख मागे जाऊन सर्टिफिकेट नाकारली जातात. स्टोरेज यंत्रांतून निघालेल्या एसएएस (सर्व्हरच्या) डिस्क कधी कधी ५२० बाइट सेक्टरच्या असतात. त्या दिसतात, पण वापरता येत नाहीत. ५१२ वर पुन्हा फॉरमॅट कराव्या लागतात आणि मोठ्या डिस्कला त्यात कित्येक तास जातात. एसएसडी वापरलेली असली तरी पॉवर-लॉस संरक्षण असलेली सर्व्हरची घ्या. स्वस्त क्यूएलसी (लिहायला संथ) एसएसडी झेडएफएसखाली रडत चालते.

बसवताना

बायोसमध्ये व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी (व्हीएमसाठी लागणाऱ्या सीपीयूच्या सोयी) चालू करा, मग प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी प्रणाली) बसवा. सबस्क्रिप्शन नसेल तर एंटरप्राइज रिपॉझिटरीवर ४०१ चूक येते; ती बंद करून नो-सबस्क्रिप्शन लावा. व्हीएममध्ये मोंगोडीबी ५ (डेटाबेस) ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत पडला तर सीपीयू जुना म्हणून घाबरू नका. प्रॉक्समॉक्सचा ठरलेला सीपीयू प्रकार एव्हीएक्स लपवतो. तो ‘होस्ट’ करा आणि व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. आतून नुसते रीबूट केले तर बदल लागू होत नाही.