फोल्डस्कोप : जूनपासून सातवीच्या वर्गात वापरल्यावर

फोल्डस्कोप घ्यावा का, असं आमच्या केंद्रातले शिक्षक अधूनमधून विचारतात. घ्यावा, असंच मी सांगते, पण एका अटीवर : काय दिसणार आहे हे मुलांना आधी सांगायचं नाही. ही अट पाळली नाही तर कपाटातल्या जुन्या सूक्ष्मदर्शकात आणि यात फारसा फरक राहत नाही.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टॅनफर्डमधले मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक. 2014 साली त्यांनी शोधनिबंधात मांडलं की याच्या सुट्या भागांचा खर्च एक डॉलरच्या आत बसतो. (आपल्याला विकत मिळतो त्या संचाची किंमत अर्थातच त्याहून जास्त असते.) घड्या घालून मुलं तो स्वतःच जोडतात. आत मोहरीच्या दाण्याहून थोडं मोठं, 2.38 मिमी व्यासाचं काचेचं गोल भिंग. तेवढ्यावर 140 पट मोठं दिसतं. सतराव्या शतकात डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहुक अशाच एका भिंगातून पाण्यातले जीव पाहत होता, हे मुलांना सांगितलं की त्यांना फार भारी वाटतं.

सुरुवात मी वर्तमानपत्रातल्या एका बारीक अक्षराने केली. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते उलटं दिसतं, फोल्डस्कोपमधून सरळ. असं का, यावर वर्गात जी वादावादी झाली ती प्रकाशाच्या धड्यालाही कधी झाली नव्हती. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात दोन भिंगं, यात एकच, इथपर्यंत मुलं आपली आपण पोचली.

पहिले काही आठवडे मात्र चिकाटी लागते. दोन्ही अंगठ्यांनी पट्टी किंचित ताणत फोकस धरायचा असतो आणि लहान हातांना तो लवकर साधत नाही. डोळा भिंगाला जवळजवळ टेकवावा लागतो, त्यामुळे चष्मेवाल्या मुलांची अडचण होते. मोबाइलला चुंबकाने जोडला की सगळ्या गटाला एकदम दिसतं, पण मग मोबाइल ज्याच्या हातात तोच राजा. भिंग आणि नमुन्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर अंतर असतं, म्हणून पाण्याच्या थेंबावर कव्हरस्लिप (नमुन्यावर ठेवायची पातळ काच) हवीच, नाहीतर भिंग ओलं होतं. आणि सूर्याकडे रोखून कधीही पाहू द्यायचं नाही. मोकळं आभाळ पुरतं, ढगाळ असलं तरी.

कांद्याचा पापुद्रा आणि आयोडीन तर पुस्तकातच आहे. बऱ्याच मुलांनी काळ्या जाड कडेची गोल वर्तुळं काढून खाली ‘पेशी’ लिहिलं. ते हवेचे बुडबुडे होते. मी खोडून टाकलं नाही, फक्त विचारलं, ‘कसं ओळखाल?’ एका मुलीने पेन्सिलीच्या टोकाने कव्हरस्लिप हलकेच दाबली. वर्तुळं सरकली, दोन एकमेकांत मिसळली, पेशींच्या भिंती जिथल्या तिथे राहिल्या. मग प्रश्न आला, पेशी केवढी? मोजायला साधन नव्हतं. मुलांनी रिफिलवर लांब केस शेजारी शेजारी गुंडाळला. 40 वेढ्यांची रुंदी 3 मिमी भरली, म्हणजे केसाची जाडी 0.075 मिमी. तोच केस पापुद्र्यावर ठेवला, तर एक पेशी साधारण चार केसांएवढी लांब. 0.3 मिमी हे उत्तर त्यांनी स्वतः काढलं, तेही दशांश अपूर्णांक पाहून तोंड वाकडं न करता!

खरा कस लागला तो गवताच्या पाण्यात. वाळलेलं गवत पाण्यात उकळून गार केलं आणि त्यात पाझर तलावाचं थोडं पाणी घातलं. काही दिवसांनी त्यात पॅरामेशियम हे एकपेशीय जीव पळताना दिसले. ‘बाई, हे जिवंत आहे का नुसतं पाण्याबरोबर वाहतंय?’ त्यावर दुसऱ्याचं उत्तर : दोन जण समोरासमोरून जातायत, पाणी दोन्हीकडे कसं वाहील? मग ते आले कुठून, गवतातून की तलावातून? मुलांनीच ठरवलं, एका बरणीत तलावाचं पाणी घालायचं नाही, उकळून लगेच कापसाचा बोळा लावायचा. त्या बरणीत पॅरामेशियम आले नाहीत. गवतवाला गट हरला असं वाटत असतानाच तिचंही पाणी गढूळ झालं.

फोल्डस्कोप इथे थकला. तो साधारण दोन मायक्रॉनपर्यंतच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) स्पष्ट दाखवतो, गवतातले बॅसिलस जिवाणू रुंदीला एक मायक्रॉनही नसतात. नुसती धुरकट वळवळ दिसली. ब्रिटनमध्ये 1877 मध्ये शास्त्रज्ञ जॉन टिंडल नेमके याच गोष्टीशी झगडत होते : या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांचं टणक, सुप्त रूप, उकळूनही मरत नाहीत. टिंडल यांनी काढ्याला एकदा उकळी देऊन थांबायचं, बीजाणू रुजू द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळायचं, असा मार्ग काढला. आमच्या मुलांनी पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींच्या चुलीवर सलग तीन दिवस नवी बरणी उकळली. ती नितळ राहिली. साधनाची मर्यादा कळली, तिथूनच मुलांनी पुढचा विचार केला. हे मला या सगळ्या वापरातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

तासिकेच्या वेळेत हे बसत नाही, हे खरं आहे. मी कार्यानुभवाची तासिका जोडून घेते आणि ‘पेशीरचना आणि सूक्ष्मजीव’ या धड्याला जास्त दिवस देते. नोंदी आकारिक मूल्यमापनात प्रयोग आणि कृतींखाली सरळ जातात, वेगळं काही लिहावं लागत नाही. प्रश्नपेढीतल्या व्याख्या पाठ करून घेणाऱ्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. मला वाटत नाही. ज्या मुलाने बुडबुडा आणि पेशी स्वतः वेगळी केली आहे त्याला पेशीभित्तिका पुन्हा शिकवावी लागत नाही.

कागद टिकाऊ आहे, पावसाळ्यात दमट वर्गातही फाटला नाही. घड्या मात्र सैल होतात आणि फोकस आपोआप सरकतो, तेव्हा थोडी चिकटपट्टी लावते. भिंगावर बोट लागलं की चित्र धुरकट होतं, ते मऊ सुती कापडाने पुसायचं. वर्गातल्या प्रत्येकासाठी घेऊ नका, चार मुलांत एक पुरतो, आणि पाळी येईपर्यंत बाकीची मुलं चित्र काढतात. वाचलेल्या पैशांतून काचेच्या पट्ट्या, कव्हरस्लिपचे जास्तीचे डबे आणि टिंक्चर आयोडीनची बाटली घ्या. कव्हरस्लिपा फुटतात भरपूर.