घरपट्टीतली लायब्ररी : वर्षभर वापरून पाहिल्यावर

गेल्या मे महिन्यात शिकागोजवळच्या उपनगरात घेतलेल्या घराची पहिली घरपट्टी आली. शाळा, अग्निशमन, पार्क, डासनिर्मूलन अशा रकान्यांत एक ओळ होती, 'लायब्ररी डिस्ट्रिक्ट : ३१२ डॉलर'. डोंबिवलीत वाचनालयाची वर्गणी थकली की बाबा पुढच्या महिन्यावर ढकलायचे. इथे ती सोय नाही, वाचा नाहीतर वाचू नका. मी वसूल करायचं ठरवलं.

इमारत, सोफे, थ्रीडी प्रिंटर वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो. माझा जीव जडला तो पावतीवर. पुस्तकं घेतली की मशीन पावती देतं आणि तळाशी छापतं, 'लायब्ररी वापरून तुम्ही वर्षभरात इतके डॉलर वाचवले.' सहा आठवड्यांत मी ३१२ ओलांडले. सगळ्या पावत्या फ्रिजवर लावल्या. बायको म्हणाली, "ही पुस्तकं तू विकत घेणार होतास का?" या मुद्द्यावर मी अजून उत्तर शोधतोय.

फेब्रुवारीत बिनसलं. बर्फ पडत होता म्हणून मुलीचं डायनोसॉरचं पुस्तक गाडीतूनच परतीच्या पेटीत टाकलं. महिन्याने मेल आला : पुस्तक जमा नाही, किंमत २७.९५ आणि वर ५ डॉलर प्रक्रिया शुल्क. काउंटरवरच्या बाई गोड बोलल्या, "शेल्फ तपासतो." तीन आठवडे तपासत होते. आणि गंमत बघा, तेच २७.९५ माझ्या 'वाचवलेल्या' रकमेतही धरलेले! एकाच पुस्तकाचे पैसे मी वाचवलेही आणि देणंही लागतो.

ट्रस्टींच्या सभेत नागरिकांना बोलायला वेळ देतात. तिथेच जाऊन भांडायचं म्हणून तयारी केली, आणि इथे माझं मत हलायला लागलं. ही डिस्ट्रिक्ट म्हणजे नगरपालिकेचं खातं असेल असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. इलिनॉयमध्ये ते स्वतंत्र सरकारच असतं, निवडून आलेले सात बिनपगारी ट्रस्टी आणि स्वतःचा कर. कारण जुनं आहे. १८७०च्या राज्यघटनेने गावांच्या कर्जावर मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या ५ टक्क्यांची मर्यादा घातली. नव्या डिस्ट्रिक्टला मात्र स्वतःची वेगळी मर्यादा मिळे, मग गरज पडेल तशी लोकांनी प्रत्येक कामाला नवी डिस्ट्रिक्ट काढली. आज राज्यात अशी जवळजवळ ७,००० छोटी-मोठी सरकारं आहेत, देशात सर्वाधिक. माझ्या बिलातले डास तिथूनच आले.

उपनगरांना हे सोयीचं पडलं. शॉमबर्ग १९५६ साली गाव म्हणून नोंदलं गेलं तेव्हा वस्ती १३० माणसांची, आता ७८ हजारांवर. मक्याच्या शेतांत अशी घरं उठत गेली, गावांच्या हद्दी एकमेकींत घुसल्या, तेव्हा लायब्ररीची हद्द गावापुरती ठेवण्यात अर्थ नव्हता. शॉमबर्गची लायब्ररी म्हणूनच टाउनशिपच्या, म्हणजे गावाहून मोठ्या विभागाच्या, नावाने चालते, शाखा शेजारच्या हॉफमन इस्टेट्समध्येही आहे. नेपरविल या दुसऱ्या उपनगराची गोष्ट वेगळी. ती शहराची लायब्ररी, निकोल्स नावाच्या गृहस्थांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या १०,००० डॉलरमधून १८९८ साली उघडलेली. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही त्याच वर्षीचं. पण आपल्याकडे १९६७च्या कायद्यात ग्रंथालय कर नाहीच, संस्थांनी वर्गणी गोळा करायची आणि अ-ब-क-ड दर्जाप्रमाणे अनुदानाची वाट पाहायची. बाबा वर्गणी पुढे ढकलत तेव्हा ग्रंथपालांचा पगारही ढकलला जात असेल, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी सुचलं.

सभेला गेलो. सात माणसं छपराच्या गळतीवर तासभर बोलली, ऐकायला मी आणि एक आजोबा. माझी पाळी आली तेव्हा २७.९५ तोंडातून निघेनात. छपराबद्दलच काहीतरी विचारून बसलो.

पुस्तक शेवटी मीच शोधलं, मोठ्यांच्या विभागात, भूगर्भशास्त्राच्या कपाटात. शुल्क रद्द झालं, दिलगिरीही मिळाली. पेटी मात्र अजून तशीच आहे. तिच्यात टाकलेल्या पुस्तकाची पोच मिळत नाही, आणि इतका कर घेणाऱ्यांना एवढं जमू नये हे मला पटत नाही. आता कितीही थंडी असो, मी आत जाऊन परत करतो आणि पोच मागतो. काउंटरवरच्या बाई मला पाहिलं की न विचारता ती छापतात.

परवा नवी घरपट्टी आली. लायब्ररीच्या रकान्यात ३१९. फ्रिजवरची शेवटची पावती म्हणते, १,८४०. त्यातून डायनोसॉरचे २७.९५ मी पेनाने वजा केलेत.