निवेदनात पहिली मागणी कुठली? नवी जलद गाडी की वेळ पाळणारी पॅसेंजर

आपल्याकडच्या रेल्वे प्रवासी संघटनांच्या निवेदनात पंधरा-वीस मागण्या सहज असतात. साहेब हसतमुखानं निवेदन घेतात, फोटो निघतो, आणि त्यातली कुठली मागणी बाजूला पडली हे कुणालाच सांगावं लागत नाही. एकच मागणी वर ठेवायची ठरवली, तर पुणे–मिरज मार्गावर खरी निवड दोन गोष्टींत आहे. एक, पुण्याकडे आणखी एक जलद गाडी. दुसरी, आहे तीच पॅसेंजर धड चालवून घेणं.

जलद गाडीचं आकर्षण मी नाकारत नाही. सांगलीहून पुण्याला दिवसाचं काम उरकून रात्री घरी यायचं, तर बरेच जण आजही रस्त्यानंच जातात. पण सप्टेंबर २०२४ मध्ये वंदे भारत आली तेव्हा हातात काय पडलं ते बघा. कोल्हापूरहून आठवड्यातले तीन दिवस, तीही पुण्यात पोचणार दुपारी दीडच्या सुमारास. कचेरीचं काम असलेल्याला ती वेळ काय कामाची? शिवाय हुबळी–पुणे आणि कोल्हापूर–पुणे या दोन्ही वंदे भारत एकाच रेकवर, म्हणजे डब्यांच्या एकाच संचावर, बसवलेल्या, म्हणजे एक रखडली की दुसरीच्या वेळेलाही धक्का. ‘जलद गाडी द्या’ एवढंच लिहिलं की असं होतं. मागायचीच तर ‘सांगलीहून पहाटे, पुण्यात कचेऱ्या उघडायच्या आत, संध्याकाळी परत, आणि रोज’ असं लिहून मागावी.

साताऱ्याचं गणित निराळं आहे. रस्त्यानं पुणे ११० किलोमीटरच्या आसपास. रेल्वे लोणंद-नीरा-जेजुरीचा वळसा घेत १४५ किलोमीटर जाते. त्यात सातारा स्टेशन पडलं माहुलीत, गावापासून लांब. वेगाच्या शर्यतीत इथे एसटीच पुढे राहणार, आणि मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. सातारकरांनी पुण्यासाठी जलद गाडीच्या मागे फार धावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पॅसेंजर. हिचा प्रवासी ताकारी, भिलवडी, मसूर, रहिमतपूरचा. कोविडनंतर या गाड्या एक्सप्रेसच्या भाड्यानं धावल्या, १० रुपयांचं किमान तिकीट ३० वर गेलं, ते फेब्रुवारी २०२४ अखेर परत १० वर आलं. भाड्याचा प्रश्न सुटला, वेळेचा राहिला. ताकारीला गाडी तासभर उशिरा आली, तर इस्लामपूरचं शेवटचं वडाप (वाटून भाडं घेणारी जीप) निघून गेलेलं असतं. मग दहा रुपयांच्या तिकिटावर दीडशेची रिक्षा. असं दोनदा झालं की माणूस मोटारसायकल काढतो आणि पुन्हा गाडीकडे फिरकत नाही.

उशीर होतो कुठे? एकेरी मार्गावर समोरच्या गाडीच्या क्रॉसिंगला. मिरजेपर्यंतचं दुहेरीकरण टप्प्याटप्प्यानं होत आलंय, पण मिरज–कोल्हापूर हा ४७ किलोमीटरचा तुकडा एकेरीच आहे. तिथे लागलेला उशीर गाडी पुढे घेऊन येते. आणि दुहेरी रूळ झाले तरी मागून येणाऱ्या एक्सप्रेसला वाट द्यावीच लागते. पॅसेंजर लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, टाकतात, लोक खाली उतरून सिग्नलकडे बघत बसतात, एक्सप्रेस धडधडत निघून जाते. पुण्याच्या तोंडाशी घोरपडीला पुन्हा फलाट रिकामा व्हायची वाट. म्हणजे या दोन मागण्या एकमेकींपासून सुट्या नाहीत. वाढलेली प्रत्येक जलद गाडी पॅसेंजरला आणखी एकदा लूपला बसवू शकते. यावर फारसं कुणी बोलत नाही.

पॅसेंजरच्या बाजूनं मागण्यासारखं ठोस काय, तर मेमू, म्हणजे वेगळं इंजिन न लावता विजेवर चालणारी लोकलसारखी गाडी. मार्गावर विजेच्या तारा आल्याच आहेत. इंजिन पुढे लावून ओढायच्या गाडीपेक्षा मेमू लवकर वेग घेते, कारण मोटरी गाडीभर विखुरलेल्या असतात. दर सहा-आठ किलोमीटरला थांबणाऱ्या गाडीला त्याचा फायदा प्रत्येक स्टेशनावर मिळतो. दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्यानं शेवटच्या स्टेशनात इंजिन फिरवायची खटपटही वाचते. तरीही मेमूसुद्धा लूपला टाकता येते, म्हणून वेळापत्रकातली जागा मेमूबरोबरच मागून घ्यायची.

मासिक पास १५० किलोमीटरपर्यंतच मिळतो. सातारा–पुणे त्यात जेमतेम बसतं, सांगली–पुणे बसत नाही. पण सांगली–कराड, कराड–सातारा असे रोजचे पासवाले पॅसेंजरवरच आहेत आणि वंदे भारतमध्ये पास चालत नाही.

तुमच्या संघटनेत सांगली-मिरज शहरातले, महिन्यातून चार-दोनदा पुण्याला जाणारे सभासद जास्त असतील, तर वेळ लिहून दिलेली पहाटेची इंटरसिटी वर ठेवा. कराड, पलूस, कोरेगाव भागातले जास्त असतील तर मेमूच, आणि तिच्या जोडीला ओगलेवाडीच्या कराड स्टेशनावर गाडीच्या वेळेला लागणारी एसटी. ती मागणी रेल्वेकडे नव्हे, आगारप्रमुखांकडे न्यायची. खर्च जवळजवळ नाही.

कुठलीही मागणी वर ठेवा, सोबत एक कागद जोडा. रेल्वेचा वक्तशीरपणा मोजायची रीत शेवटच्या स्टेशनावरची आहे, आणि शेवटच्या टप्प्यात वेळापत्रकात जादा मिनिटं राखलेली असतात. त्यामुळे कराडला पाऊण तास उशिरा आलेली गाडीही टोकाला जवळजवळ वेळेवर दाखवता येते. गाडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या रेल्वेच्या एनटीईएस अॅपवरून महिनाभर ताकारी, कराड आणि रहिमतपूरला गाडी प्रत्यक्ष किती वाजता आली ते रोज उतरवून घ्या. सह्यांच्या पानांआधी तो तक्ता लावा.