आठ एमएमची तीन काडतुसे: जुन्या रायफलीत कोणते चालते?

मराठवाड्यात रायफलीच्या काडतुसाला सरसकट ‘आठ एमएम’ म्हणण्याची सवय आहे आणि त्या एका नावाखाली तीन निरनिराळी काडतुसे मागितली जातात. आजोबांची निजामकाळातील जर्मन रायफल वारसाहक्काने माझ्या परवान्यावर चढली, तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानदाराने ‘आठ एमएमच आहे, चालेल’ असे म्हणून .३१५ (इंच, म्हणजे आठ मिलिमीटर) चा डबा पुढे केला होता. तो मी घेतला नाही.

.३१५ हे मूळच्या ८×५० आर मानलिखर काडतुसावरून आलेले असून त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. ती कड माझ्यासारख्या ८×५७ च्या (आठ मिलिमीटरची गोळी, ५७ मिलिमीटर लांबीची पुंगळी) जर्मन रायफलीत बसतच नाही, त्यामुळे ही चूक दुकानातच उघडी पडते. इशापूरच्या कारखान्यातील ली-एनफिल्ड बनावटीच्या रायफलीत मात्र हे काडतूस अगदी घरचे आहे. त्याची २४४ ग्रेनची (सुमारे १६ ग्रॅमची) गोळी जड आणि सावकाश आहे. जवळच्या अंतरावर मला ती आवडते, लांबच्या निशाण्याला ती झपाट्याने खाली येते.

खरा धोका ८×५७ च्या दोन भावंडांत आहे. १८८८ च्या मूळ ‘जे’ काडतुसाची गोळी सुमारे ८.०७ मिलिमीटर जाडीची होती. १९०५ साली जर्मन लष्कराने ती सुमारे ८.२० मिलिमीटरची केली आणि आजचे ‘जेएस’ हे तिचेच रूप आहे. पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, जवळपास तीच असल्याने ‘जेएस’ काडतूस जुन्या ‘जे’ रायफलीत बहुधा मुकाट्याने बसते, पण जाड गोळी अरुंद नळीतून जाताना दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. म्हणूनच अमेरिकन मानकात या काडतुसाची दाबमर्यादा जेमतेम ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) ठेवलेली आहे, तर युरोपीय मानक ३,९०० बार, म्हणजे ५६,००० पीएसआयहून अधिक दाबाला मान्यता देते. डब्यावरचे नाव एकच दिसले तरी आतला माल एकसारखा नसतो. ‘जेएस’ नळीच्या नव्या, मजबूत रायफलीसाठी मी युरोपीय काडतूस निवडेन. ‘जेएस’ नळीच्याच पण वय झालेल्या रायफलीसाठी अमेरिकन. आणि ‘जे’ नळीसाठी या दोहोंपैकी एकही नाही.

अशा जुन्या नळीला योग्य जाडीची गोळी आणि बेताची दारू देता येणे, हाच हाताने काडतूस भरण्याचा मोठा लाभ आहे. अमेरिकेतील भाच्याकडे मी हे काम तासन्‌तास पाहिले: पुंगळीचे तोंड आकारात आणणे, दारू पेटवणारी नवी टोपी बसवणे, दारू तराजूवर तोलणे. पुंगळीच्या बुडाशी मधोमध एकच छिद्र असेल तर जुनी टोपी सुईने सहज निघते. दोन बारीक छिद्रे असतील तर ती सुई आडवी येते आणि काम किचकट होते. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीत काळी दारू अंदाजाने भरणारे शेतकरी होते, परंतु धूरविरहित दारूला तो अंदाजपंचे कारभार सोसत नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवण्यास परवाना लागतो, त्यामुळे हा छंद मी भाच्यावरच सोपवला आहे.

अखेर आजोबांच्या रायफलीच्या रिकाम्या नळीतून शिशाचा मऊ तुकडा ढकलून काढला आणि वाळूजच्या एका टूलरूममध्ये त्याची जाडी मोजून घेतली. ती ८.०७ मिलिमीटर भरली, म्हणजे नळी ‘जे’ची निघाली. तिचे काडतूस मला अजून कोणत्याही दुकानात मिळालेले नाही; रायफल तेल लावून कपाटात ठेवली आहे.