गाव वसवायचं आहे: मेडिव्हल डायनेस्टी घ्यावा की मॅनर लॉर्ड्स?

मध्ययुगातलं गाव वसवायचा गेम घ्यायचा म्हटलं की चर्चा फिरून फिरून दोन नावांवर येते: मेडिव्हल डायनेस्टी आणि मॅनर लॉर्ड्स. दोन्ही पोलंडच्या मंडळींनी बनवलेले. दोन्हींत लाकडाची घरं, नांगरलेली शेतं आणि हिवाळ्याची धास्ती. स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवले तर नवख्याला फरक पटकन कळत नाही, आणि त्यामुळे नको तो गेम घेऊन बसलेले बरेच जण भेटतात. ऐरोलीच्या माझ्या मावसभावाला जंगलात भटकायचं होतं, शिकार करायची होती. त्याने मॅनर लॉर्ड्स घेतला आणि आठवडाभरात बंद केला. कळव्याच्या एका मैत्रिणीला रस्ते, बाजार, वस्तीची आखणी यात रस. ती डायनेस्टीत ओंडके वाहून वाहून वैतागली. त्यांनी अदलाबदल केली असती तर दोघंही खूश झाले असते.

ग्राफिक्स, किंमत, रेटिंग या गोष्टी नंतर बघू. आधी एवढंच ठरवा: गाव वसवताना तुम्हाला गावात उभं राहायचं आहे, की गावाच्या वर?

नवी मुंबईत हा फरक चालता चालता दिसतो. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनी घेऊन हे शहर आखलं गेलं. आज वाशीत किंवा नेरूळला सेक्टरच्या सरळ रस्त्यावरून जाताना मध्येच जुनं गावठाण लागतं, आणि गल्ल्या अचानक वळायला लागतात. सेक्टर कागदावर, वरून बघून आखलेला. गावठाणातलं घर मात्र जमिनीवर उभं राहून वाढलेलं, मुलाचं लग्न झालं तेव्हा एक खोली, गुरं घेतली तेव्हा गोठा. मेडिव्हल डायनेस्टी तुम्हाला गावठाणात ठेवतो. मॅनर लॉर्ड्स आखणी करणाऱ्याच्या टेबलापाशी बसवतो. मॅनर लॉर्ड्समधले रस्ते हवे तसे वळवता येतात, गाव अगदी नैसर्गिक दिसतं, पण ते वळण वरून माउसने दिलेलं असतं, हे विसरू नका.

डायनेस्टी: हाताला काम

हा गेम रेंडर क्यूब या स्टुडिओचा. २०२० च्या सप्टेंबरमध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे काम पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला, आला आणि बरोबर वर्षाने, सप्टेंबर २०२१ मध्ये पूर्ण झाला. तुम्ही रॅसिमीर नावाचा तरुण. युद्धात घरदार गेलेलं, काकाच्या आसऱ्याला म्हणून एका खोऱ्यात येता, तर काका आधीच वारलेला. गावचा कारभारी जागा निवडून घर बांधायची परवानगी देतो. तिथून पुढे सगळं तुमच्यावर.

पहिलं घर कसं बांधलं जातं हे नीट सांगतो, कारण गेम आवडणार की नाही ते इथेच कळतं. आधी जमिनीवरून काटक्या आणि दगड वेचायचे, त्यांची कुऱ्हाड करायची. झाड तोडायचं, आडव्या पडलेल्या खोडाचे ओंडके करायचे. ओंडके जड, चारदोन घेतले की ओझ्याची मर्यादा गाठली जाते आणि रॅसिमीर पाय ओढत चालायला लागतो. मग घराचा आराखडा जमिनीवर ठेवायचा. तो पारदर्शक सांगाड्यासारखा दिसतो. हातात हातोडा घेऊन त्याचा एक एक भाग ठोकायचा: आधी चौकट, मग भिंतीचा एक तुकडा, मग दुसरा, मग छप्पर. भिंत कुडाची करायची की ओंडक्यांची, हे प्रत्येक तुकड्यासाठी वेगळं ठरवता येतं. छप्पर शाकारायला गवत लागतं, ते नदीकाठच्या लव्हाळ्यातून मिळतं. म्हणजे घर नदीपासून लांब घेतलं असेल तर हेलपाटे आलेच. कुडाला चिखलाचा लेप दिला की घर उबदार राहतं.

हे वाचताना "मस्त!" वाटलं असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, डायनेस्टी घ्या. "एवढं सगळं एका झोपडीसाठी?" असं वाटलं असेल, तर तेही लक्षात ठेवा.

मला स्वतःला हा भाग फार आवडतो. पहिल्या हिवाळ्यात बोरं-बेरी मिळत नाहीत, अंगावर पुरेसे कपडे नसतात, सरपण संपत आलेलं असतं, आणि तेव्हा आपण ठोकलेल्या दाराआड आपणच पेटवलेल्या आगीशी बसायला मिळतं. दुसऱ्या कुठल्या गेममध्ये घराचं घरपण मला इतकं जाणवलेलं नाही.

पुढे आजूबाजूच्या गावांतून माणसं आणायची. शेकोटीपाशी बसलेल्यांशी बोलून त्यांना आपल्याकडे यायला राजी करायचं, घर द्यायचं, काम द्यायचं. कोण शेतीत हुशार, कोण शिकारीत, हे बघून जबाबदारी वाटायची. लग्न करता येतं, मूल होतं; बाळ लहान असेपर्यंत आई कामावर येत नाही, त्यामुळे कामाची घडी बदलते. वर्षातून एकदा राजाचा कर भरावा लागतो. आणि रॅसिमीर म्हातारा होतो. मुलगा अठरा वर्षांचा झाला की कारभार त्याच्याकडे सोपवता येतो. नावातली डायनेस्टी ती हीच. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये एक ऋतू तीन दिवसांचा असतो, म्हणजे वर्ष बारा दिवसांचं आणि मुलगा कर्ता व्हायला खेळातले २१६ दिवस. ऋतू लांबवता येतो. माझा सल्ला, पहिल्या खेळाला तीनच ठेवा. ऋतू लांबवला की पेरणी झाल्यावर नुसतं थांबून राहायचे दिवस वाढतात.

आता उणिवा. गावकऱ्यांचे संवाद कोरडे आहेत आणि लवकरच तीच तीच वाक्यं कानावर यायला लागतात. बरीचशी कामं "याचा निरोप त्याला सांग" या जातीची. दरोडेखोर आहेत, लांडगे, अस्वलं आहेत, पण लढाईत फारशी मजा नाही. तलवारबाजीसाठी कोणी घेत असेल तर घेऊ नये. गाव मोठं झालं की कुऱ्हाड बाजूला पडते आणि मेनू उघडून कोणत्या कामगाराने कोणत्या वस्तूवर किती टक्के वेळ द्यायचा, हे भरत बसावं लागतं. काहींना हा हिशेब आवडतो. मला तोवर नवीन खोऱ्यात पुन्हा सुरुवात करावीशी वाटते.

डायनेस्टीची एक बाजू मात्र मॅनर लॉर्ड्सकडे अजिबात नाही: सोबतीने खेळणं. २०२३ च्या डिसेंबरमध्ये चार जणांपर्यंतचा को-ऑप आला, सोबत ऑक्सबो हा नवा नकाशाही. एक मित्र खारघरला, एक डोंबिवलीला, एक पुण्याला गेलेला, अशा गटाला रविवारी सकाळी एकत्र गाव बांधायला याहून चांगला गेम मला तरी सुचत नाही. एकजण शिकारीला, एकजण शेतावर, एकजण तांब्याच्या खाणीत. काम आपोआप वाटलं जातं. फक्त जग होस्टच्या, म्हणजे जो खेळ सुरू करून बाकीच्यांना बोलावतो त्याच्या, सेव्हमध्ये असतं, तेव्हा ज्याचं वेळापत्रक जरा स्थिर आहे त्यालाच होस्ट करा.

मॅनर लॉर्ड्स: नजर वरून

ग्रेग स्टिचेन या एका माणसाने सुरू केलेला हा प्रकल्प. २६ एप्रिल २०२४ ला अर्ली ॲक्सेसमध्ये आला आणि पहिल्याच दिवसात दहा लाख प्रती खपल्या. चौदाव्या शतकाच्या अखेरीचा फ्रँकोनिया, म्हणजे आजच्या जर्मनीतला एक प्रदेश, यावर तो बेतलेला आहे.

तुम्ही जहागीरदार. सुरुवातीला पाच कुटुंबं तंबूत, थोडं धान्य, आणि एक बैल. सामान उघड्यावर पडलेलं असतं, पावसात ते खराब होतं, म्हणून कोठार आधी. पण कोठाराला लाकूड हवं, आणि तोडलेलं खोड ओढून आणणार तो एकच बैल. घराचं काम काढलं, कोठाराचं काढलं, चर्चचंही काढलं, की सगळं अर्धवट राहतं आणि बैल जंगलातून गावात, गावातून जंगलात फेऱ्या मारत असतो. दुसरा बैल लवकर घ्या, हा या गेममधला सगळ्यात उपयोगाचा सल्ला. संपूर्ण गावाचा वेग एका जनावराच्या चालीवर ठरतो, आणि तो आपण डोळ्यांनी बघत असतो, हे मला फार सुंदर वाटतं.

घरांचे प्लॉट हे या गेमचं खरं वैभव. चार कोपरे ठरवा, रस्त्याच्या वळणाप्रमाणे प्लॉट वाकतो, मागे परसू राहतं. परसात भाजी लावा, कोंबड्या पाळा, शेळ्या ठेवा. परसू मोठं तर भाजी जास्त, पण ती पिकवणार त्याच घरातली माणसं, म्हणजे दुसऱ्या कामाला त्यांचे हात कमी. शेतीत जमिनीचा कस बघावा लागतो. गहू, बार्ली, जवस यांची आळीपाळी करायची आणि एखादं शेत पडीक ठेवायचं. ज्यांचं आजोळ शेतीवाडीचं आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

लढाया आहेत, आणि त्या डायनेस्टीपेक्षा कितीतरी वरचढ. तुमचं सैन्य म्हणजे तुमचेच गावकरी. तुकडी बोलावली की गावातली कामं ठप्प, आणि लढाईत मेलेला माणूस म्हणजे कुणाच्या तरी घरातला कर्ता हात गेला. कापणीच्या तोंडावर दरोडेखोर आले की निर्णय खरोखर जड जातो.

हवं तर जहागीरदाराच्या रूपात खाली उतरून गावातून फेरी मारता येते. दृश्य देखणं आहे, पण तिथे हाताने करण्यासारखं काही नाही. माझ्या मावसभावाचा विरस इथेच झाला. ट्रेलरमध्ये ही फेरी बघून त्याला वाटलं होतं की सगळा गेम असाच आहे.

उणीव एकच, पण मोठी. गाव भरभराटीला आल्यानंतर करण्यासारखं कमी उरतं. अर्ली ॲक्सेसचा गेम घेताना आज त्यात जे आहे तेवढ्याचेच पैसे देतोय, असं समजून घ्यावा. मला आज जे आहे तेवढंही पैसे वसूल वाटतं.

वेळ आणि मशीन

ऑफिसहून ठाणे स्टेशनला उतरून, शेअर रिक्षाची रांग किंवा घोडबंदर रोडचा ट्रॅफिक पार करून, जेवणं आटोपेपर्यंत दहा वाजतात. हातात तासभर उरतो. त्या तासासाठी मला मॅनर लॉर्ड्स सोयीचा वाटतो: पॉज करून निवांत बघता येतं, वेळ पळवता येतो, एका तासात गावाचं काहीतरी पुढे सरकलेलं दिसतं. डायनेस्टीत तो तास लाकूड आणण्यात आणि शेत खणण्यात जाऊ शकतो. मन शांत होतं हे खरं, पण "आज काय झालं" विचारलं तर सांगण्यासारखं थोडं. शनिवार-रविवारची लांब बैठक असेल तर उलट. डायनेस्टीत तेव्हा ऋतूच्या ऋतू निघून जातात आणि उठवत नाही.

मशीनच्या बाबतीत दोन्हींना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, हे गृहीत धरा. गाव वाढलं की दोन्ही जड होतात. मे महिन्यात दुपारी लॅपटॉपवर खेळणार असाल तर सेटिंग उतरवा, पंख्याखाली बसा. डेस्कटॉप असेल तर पावसाळ्यात यूपीएस हवाच. वीज क्षणभर गेली तरी शेवटच्या सेव्हनंतरचं सगळं जातं.

कॉलेजचा किंवा ऑफिसचा साधा लॅपटॉपच असेल तर दोन्ही विसरा आणि बॅनिश्ड घ्या. फेब्रुवारी २०१४ चा गेम, ल्यूक होडोरोव्स्की या एकट्या माणसाने केलेला, आणि जुन्यातल्या जुन्या मशीनवर चालतो. यात पैसा नाही, सैन्य नाही, शत्रू नाही. शत्रू म्हणजे हिवाळा आणि तुमचं स्वतःचं नियोजन. नवी घरं बांधली नाहीत तर तरुण जोडप्यांना जागा मिळत नाही, मुलं होत नाहीत, आणि काही वर्षांनी अख्खं गाव एकदम म्हातारं होतं. घरं भराभर बांधली तर तोंडं वाढतात आणि धान्य पुरत नाही. दिसायला तिघांत साधा, पण नियोजनात तिघांत कठोर. गाव उपासमारीने मरताना बघवत नसेल तर घेऊ नका.

गोइंग मेडिव्हल आणि बेलराइट हीही नावं कानावर येतील. पहिल्यात मजल्यावर मजले चढवता येतात आणि जमिनीखाली तळघर खणून अन्न थंड ठेवता येतं; बांधकामाची हौस असेल तर जरूर बघा. बेलराइट डायनेस्टीच्या वाटेवरचाच, फक्त सोबत्यांना घेऊन लढण्यावर भर जास्त.

घरी दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर मी त्याला मॅनर लॉर्ड्स दाखवेन. लढाई लांबून दिसते, आणि शेताचा कस, बाजार, साठवण यातून बरंच शिकायला मिळतं. डायनेस्टीत प्राणी मारून कातडी सोलावी लागते, ते सगळ्यांना चालेल असं नाही.

घ्यायचं ठरलं की घाई करू नका. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात जूनअखेरीच्या आणि डिसेंबरच्या सेलमध्ये असे गेम बरेचदा स्वस्त मिळतात. आणि घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, खेळलेला वेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर स्टीम पैसे परत देतं. ते दोन तास नीट वापरा. डायनेस्टीत इकडेतिकडे न फिरता थेट घर बांधायला घ्या, छप्पर शाकारून होईपर्यंत खेळा. मॅनर लॉर्ड्समध्ये पाचही कुटुंबांना घर द्या आणि पहिला हिवाळा गाठा. तिथवर पोहोचून मन रमलं नसेल तर रिफंड मागा आणि त्याच पैशांत दुसरा घ्या.