एक्सपी होमवर झॅम्प: वाचनालयाच्या कॅटलॉगपुरतं झकास

आमच्या वाचनालयाला एका सभासदांनी जुना संगणक दिला. 512 एमबी रॅम, कॅबिनेटवर विंडोज एक्सपी होमचा स्टिकर. नवा घ्यायला अनुदान कुठलं? पुस्तकांची यादी या डब्यावर ठेवायची आणि सभासदांनी वाचनालयाच्या वायफायवरून मोबाइलवर पाहायची, एवढंच हवं होतं.

एक्सपी होममध्ये मायक्रोसॉफ्टचा आयआयएस हा वेब सर्व्हर (ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्रॅम) मुळातच दिलेला नाही, तो एक्सपी प्रोफेशनलमध्ये मिळायचा. विंडोज 2000 ची सीडी आणून, sysoc.inf नावाच्या फाइलमध्ये ओळ बदलून तो होमवर घुसवायची एक जुनी युक्ती आहे. पण एवढी उठाठेव करून हाती येणार जुनाट आयआयएस 5.0. मी त्या वाटेला गेले नाही. झॅम्प या पॅकेजमध्ये अपाचे (वेब सर्व्हर), मायएसक्यूएल (डेटाबेस), पीएचपी (पानं तयार करणारी भाषा) आणि डेटाबेस हाताळायचं पीएचपीमायअ‍ॅडमिन एकाच इन्स्टॉलरमध्ये येतं, आणि होम की प्रोफेशनल हे ते विचारत नाही.

फक्त आवृत्ती जुनी घ्यायची. पीएचपी 5.5 पासून एक्सपीचा आधार बंद झाला, त्यामुळे पीएचपी 5.4 असलेलं झॅम्प 1.8.2 घ्या. सोर्सफोर्जवर जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या आहेत. इन्स्टॉल करताना फाइलझिला, मर्क्युरी, टॉमकॅट या नको असलेल्या भागांच्या खुणा काढून टाका, एवढ्याशा रॅमवर ते ओझं कशाला? कंट्रोल पॅनलमध्ये अपाचेसमोर स्टार्ट दाबलं की नाव हिरवं होतं. हिरवं होऊन लगेच विझलं, तर 80 नंबरचा पोर्ट (अपाचे ज्यावर ऐकतो ते दार) दुसऱ्या कुठल्यातरी प्रोग्रॅमने धरलाय असं समजा. अपाचेच्या httpd.conf या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘लिसन 80’ चं 8080 करा. मोबाइलवरून पान उघडत नसेल, तर एक्सपीच्या फायरवॉलमध्ये अपाचेला सूट द्यायची राहिली असणार.

खरी डोकेदुखी मराठीची. या मायएसक्यूएलचं मूळ कॅरेक्टर सेट (कोणती अक्षरं साठवता येतात ते ठरवणारा संच) लॅटिन1 असतं, त्यात देवनागरी बसत नाही, म्हणून देवनागरीत टाइप केलेलं पुस्तकाचं नाव आत जाताना ‘?????’ होतं. आणि एकदा प्रश्नचिन्हं साठली की त्यातून मूळ नाव परत येत नाही, नव्यानेच भरावं लागतं. डेटाबेस तयार करतानाच कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचा नियम) यूटीएफ8_युनिकोड_सीआय निवडा, आणि पीएचपीतून जोडणी करतानाही कॅरेक्टर सेट यूटीएफ8 सांगा. दुसरी गंमत एक्सपीच्या नोटपॅडची. यूटीएफ-8 मध्ये सेव्ह केलं की तो फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाची न दिसणारी अक्षरं चिकटवतो, आणि पीएचपी ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ म्हणून रुसतं. नोटपॅड++ वापरा, त्यात बीओएमशिवाय सेव्ह करता येतं. खुद्द एक्सपीच्या पडद्यावर मराठीऐवजी चौकोन दिसले तरी घाबरू नका. सर्व्हर नुसती बाइट्स पोचवतो, मोबाइलवर अक्षरं नीट उमटतात.

हे सगळं इंटरनेटवर उघडं ठेवायचं मात्र नाव काढू नका. एक्सपीला 8 एप्रिल 2014 नंतर नियमित सुरक्षा अपडेट नाहीत, पीएचपी 5.4 ही कधीच निवृत्त झालंय, त्यात झॅम्पमध्ये मायएसक्यूएलचा रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) सुरुवातीला बिनपासवर्डचा असतो. पासवर्ड आधी घाला. आमच्या राउटरला इंटरनेटची वायर जोडलेलीच नाही. डेटाबेस पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवते, कारण या हार्ड डिस्कचं वय बघता ती कधी दगा देईल सांगता येत नाही.

पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो बिनपासवर्डच्या रूटसाठी. सभासदांनी शोधताना ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं की पुस्तक सापडत नाही, ते खापर मात्र झॅम्पवर फोडू नका.