सात महिने ताइको, आणि एक मुका काठ

रविवारी ऐन रंगात आमच्या ताइकोचा, म्हणजे व्हिडिओ गेमला जोडायच्या जपानी ढोलाचा, उजवा काठ मुका झाला, म्हणून लिहायला बसलो.

‘ताइको नो तात्सुजिन’ या ढोल बडवायच्या गेमचा निन्टेंडो स्विचवरचा २०२२चा खेळ कसा खेळतात ते सांगत बसत नाही. लाल गोल आला की मध्ये ‘डोन’, निळा आला की कडेला ‘का’. का म्हणजे काठ, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. ठोका हुकला की पडद्यावर ‘फुका’. तेही नाही.

आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. गेम सेंटरमध्ये शंभर येनला दोन-तीन गाणी, आणि लेकीपायी दर शनिवारी पाचशे जायचे. शेवटी जुन्या मालाच्या दुकानातून गेम आणि प्लास्टिकचा ताइको मिळून साडेसहा हजारांत आणला. तेरा शनिवारांत वसूल.

पहिला महिना त्या ताइकोला शिव्या घातल्या. हाताला ठोका बरोबर लागतोय आणि गेम म्हणतो उशीर. पुण्यात पाच गणपती पथकात ढोल वाजवलाय मी. लय चुकते म्हटलेलं खपत नाही. परत करायला निघालो होतो, तेवढ्यात लेकीच्या मैत्रिणीच्या आईने विचारलं, टीव्ही गेम मोडवर आहे ना? नव्हता. चित्रच मागून येत होतं. मोड बदलला, सेटिंगमध्ये ठोक्याची वेळ जराशी सरकवली, गाडी रुळावर. शिव्या मागे घेतो.

काठाबद्दलच्या सोडून. मधला भाग कसाही बडवा, धरतो. काठावर बाची, म्हणजे वाजवायची काठी, जरा तिरकी पडली की नुसता ‘टक्’ आवाज, गेमला पत्ताच नाही. मग माणूस जोरात मारतो. टिपरू हाणायची सवय असलेला माणूस आणखी जोरात मारतो. पाचव्या महिन्यात इमारत सांभाळणाऱ्यांचं पत्र आलं: आवाज जपा. कुणाचं नाव नाही, सगळ्या बिऱ्हाडांना सारखंच. म्हणजे आम्हालाच. तेव्हापासून खाली योगा मॅटची दुहेरी घडी आणि आठनंतर ताइको बंद. जॉय-कॉन, म्हणजे स्विचचे हातातले कंट्रोलर, हवेत हलवूनही वाजवता येतं. आवाज शून्य, मजाही साधारण तेवढीच.

गाणी मुळातली ७६ पुरतात. जादा गाण्यांच्या पासचे वेगळे पैसे मी भरणार नाही. लेक ‘मुझुकाशी’वर, म्हणजे कठीण पातळीवर, पोचली, पथकवाले बाबा अजून ‘फुत्सू’तच, म्हणजे साधारणमध्ये. त्याहून वरच्या ‘ओनी’चं नाव काढू नका.

तर काठ. दुकानात नेला. काउंटरवरच्या बाई तीनदा वाकल्या आणि पावतीवरची ओळ दाखवली, जुन्या मालाला तीस दिवस. ताइको बनवणाऱ्यांना फोन केला, तर दुरुस्ती होत नाही, नवा घ्यावा. नकार इतका गोड की आवाज चढवायला जागाच नाही. पुण्यात निदान भांडण तरी झालं असतं.

घरी आणून उघडला. आत केसाएवढी एक तार सुटलेली. ऑफिसातल्या मित्राचं सोल्डरिंग आयर्न आणून डाख दिला, खर्च शून्य. काठ बोलू लागला, म्हणजे दहातले आठ ठोके.

पुन्हा गेला तरी नवा घेणार नाही. साध्या निळ्या गोलाला डावा-उजवा सारखाच, एक काठ पुरतो. मोठ्या निळ्याला दोन्ही काठ एकदम वाजवायचे असतात. तेवढं सोडू म्हटलं, तर लेक आईकडे वळून म्हणाली, “बाबा ना, केची आहे.” केची म्हणजे चिक्कू.